पट्टा काढला की एसी बंद

उन्हाळ्यात प्रकाशाला येणाऱ्या बऱ्याच गाड्या दुःखाच्या कामाला आलेल्या असतात. आमच्या गावाला दक्षिण काशी म्हणतात. तापी-गोमाईच्या संगमावर अस्थी सोडायला गुजरातेतून, मध्य प्रदेशातून माणसं येतात. घरची मंडळी केदारेश्वराकडे गेली की ड्रायव्हर माझ्या गॅरेजवर येतो आणि ठरलेली तक्रार सांगतो, "दादा, हवा येस, पन गार नई येस." पारा तेव्हा 43-44 अंशांवर असतो. असं ऐकलं की मी आधी गॅस बघत नाही, पुढच्या जाळीत अडकलेला कचरा बघतो. त्या जाळीलाच कंडेन्सर म्हणतात. कापसाचा भुगा, पाचट, धूळ, आमच्या रस्त्यावर सगळं उडतं.

गाडीत थंडी भरायची सोय आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नसतं. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढाच हा धंदा. उष्णता उचलायची युक्तीही जुनीच आहे: पातळ पदार्थाची वाफ होऊ द्यायची. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती जवळून ओढली जाते. गावची पांढर 1954-55 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी खणली, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची खापरं निघाली. त्यातल्या एखाद्या घटातलं पाणीही असंच झिरपून गार होत असणार, असं आपलं मला वाटतं. साहेब लोकांच्या बंगल्यांत वाळ्याचे पडदे भिजवत, तेही ह्याच हिशोबाने. खानदेशची हवा कोरडी, म्हणून इथे हे जमतं. मुंबईत पडदा नुसता ओला राहील.

मोटारीतही आधी पाणीच आलं. अमेरिकेत 1930 च्या दशकात खिडकीला बाहेरून एक नळकांडं टांगत. आत पाणी, आणि गाडीच्या वेगाने वारा त्यातून आत घुसायचा. आमच्याकडे नळकांडं कुठलं? जीपच्या खिडकीत ओला टॉवेल लावायचा आणि शहाद्यापर्यंत तो दोनदा भिजवायचा. फुकटातला कूलर, फक्त गाडी उभी राहिली की संपला.

पाण्याची अडचण अशी की वाफ उडून जाते. तीच वाफ पकडून परत पातळ करता आली तर पुन्हा पुन्हा वापरता येईल, ह्या विचारातून आजचा एसी आला. पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलला तो कारखान्यातूनच बसवून दिला. वेगळे मोजायचे 274 डॉलर. थंड करणारी कॉइल डिकीत, तीही अर्धी डिकी खाऊन. मौज म्हणजे कंप्रेसरला क्लचच नव्हता. हिवाळ्यात एसी नको असेल तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, पट्टा काढून ठेवा. आज बटण दाबल्यावर टक्‌ असा आवाज येतो ना, तो कंप्रेसरच्या चुंबकी क्लचचा. साध्या गाडीत जाळीतला कचरा बघून झाला की मी तो आवाज ऐकतो.

गॅसचा फेरा सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास गॅसचाच आहे. कंप्रेसर गॅस दाबतो. दाबला की तो तापतो, बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त. म्हणूनच 44 अंशांच्या हवेतही कंडेन्सरमधून तो आपली उष्णता सोडू शकतो आणि पातळ होतो. मग ड्रायरमधून, ओल गाळून, एक्स्पान्शन व्हॉल्वच्या बारीक भोकातून सुटतो. दाब एकदम पडतो, गॅस उकळतो आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमधून उष्णता ओढून घेतो. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा फेकतो. हवेतली ओल तिथे ठिबकते, तेच गाडीखालचं पाणी. नवखा माणूस त्यालाच लीकेज समजून घाबरतो. माझ्या गेजवर लो बाजूला तीसेक पौंड आणि हाय बाजूला मे महिन्यात अडीचशेच्या आसपास दिसलं, की आत सगळं ठीक चाललंय.

हा गॅस पूर्वी आर-12 होता, लोकांच्या तोंडी फ्रिऑन. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया नाहीतर सल्फर डायऑक्साइड असायचा. गळला तर जिवावर बेतायचं. थॉमस मिजली ह्या अमेरिकन माणसाने 1930 मध्ये रसायनतज्ज्ञांच्या सभेत नवा गॅस छातीत ओढून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत दाखवलं! पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची कल्पनाही ह्याच गृहस्थाची. गाडीच्या पुढच्या टोकापासून धुराच्या नळीच्या शेवटापर्यंत एका माणसाने एवढा घोळ घातल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्याकडे अँबेसिडर आणि पद्मिनीला बाहेरून एसी बसवत. डॅशबोर्डखाली लटकणारा डबा, पुढच्याचे गुडघे त्याला घासायचे आणि चढावर इंजिन उकळायचं. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, नंतर तिचं एसीवालं मॉडेल निघालं आणि 1985 मध्ये सुब्रोस कंपनी उभी राहिली, तेव्हा एसी छोट्या गाडीच्या आवाक्यात आला. मी काम शिकलो सुरतेला. तेव्हा गॅस उघड्यावर सोडायला कोणी कचरत नसे. फुस्स केलं की झालं.

त्या फुस्सचा हिशोब वर लागत होता. क्लोरीन असलेला हा गॅस ओझोनचा थर खातो, हे मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये मांडलं. 1987 मध्ये माँट्रियलचा करार झाला आणि 1992 मध्ये भारतही त्यात आला. 2003 पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत आर-12 घालणं बंद झालं, त्याच्या जागी आर-134ए. माझ्या दृष्टीने आमचा धंदा खरा तिथेच बदलला. नवा गॅस जुन्या तेलात मिसळत नाही. तेल वेगळं, रबरी नळ्या वेगळ्या, भरायच्या तोंडाचा आकारसुद्धा मुद्दाम वेगळा, म्हणजे चुकून एकात दुसरा जाऊ नये. नुसत्या पान्यावर चालणारा मिस्त्री मागे पडला, व्हॅक्यूम पंप घेणारा टिकला. काही जणांनी स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरायचा उद्योग केला. गळती लागली आणि ठिणगी पडली तर काय होईल, हे त्यांना सांगून दमलो.

आणि हा 134ए सुद्धा निर्दोष नाही. ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. म्हणून 2016 च्या किगालीच्या करारात त्याच्यावरही कात्री आली. आता तिसरा गॅस येतोय, 1234वायएफ, महाग आणि थोडा पेट घेणारा. बॅटरीच्या गाड्यांत तर कंप्रेसरला पट्टाच नाही, तो विजेवर फिरतो, आणि त्याला तेलही वीज न वाहणारं लागतं. फळीवरचे तेलाचे डबे मी आता वेगवेगळे ठेवतो, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून.

सगळ्यात उशिरा पाळी आली ती ट्रकवाल्याची. गाडीत बसणाऱ्याला गारवा मिळून ऐंशीएक वर्षं झाली, इंजिनाशेजारी दिवसभर भाजणाऱ्याला नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांच्या केबिनला एसी आता सक्तीचा आहे. जुन्या ट्रकांना तो नियम नाही. म्हणून केळी-पपईची भाडी मारणारे ड्रायव्हर येतात आणि विचारतात, आमच्याला बसेल का? बसतो. आधी बघावं लागतं की इंजिनाच्या पुलीवर आणखी एका पट्ट्याला जागा आहे का, आणि कंप्रेसरचं ब्रॅकेट कुठे वेल्ड करता येईल. ते मोजल्याशिवाय मी भाव सांगत नाही.