दौलतजादा आणि नोटांचा पाऊस

कलावंताला पैसे देण्याच्या प्रत्येक रीतीसाठी मराठीत वेगळा शब्द आहे. कीर्तनकाराला किंवा गवयाला निरोप देताना हाती ठेवायची ती बिदागी. तिच्या नावातच निरोप आहे. कार्यक्रम ठरवताना आगाऊ द्यायची ती सुपारी. पाकिटात घालून, रकमेचा उच्चार टाळून द्यायचे ते मानधन. धन्याने खूष होऊन चाकराला द्यायचे ते बक्षीस. या साऱ्या शब्दांत 'दौलतजादा' वेगळा पडतो. बिदागी कला संपल्यावर मिळते, सुपारी ती सुरू होण्याआधी मिळते. दौलतजादा मात्र ऐन कलेच्या मध्यावर, सर्वांच्या देखत आणि देणाऱ्याच्या नावाच्या पुकाऱ्यासह दिला जातो. मुंबईच्या डान्सबारमधील नोटांच्या उधळणीवरून २००५ ते २०१९ या काळात विधिमंडळात आणि न्यायालयांत जो वाद झाला, त्याचे मूळ आम्हांला या जुन्या शब्दात दिसते. त्या वादाकडे केवळ नीतीचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. कलावंताच्या मोबदल्याच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून तो वाचला, तर काही वेगळे हाती लागते.

'दौलत' आणि 'ज्यादा' हे दोन शब्द जोडून हा शब्द झाला, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. पैसे मिळाल्यावर कलावंताने 'तुमची दौलत वाढो' असे दान देणाऱ्याला चिंतायचे, आणि पुढे हा आशीर्वादच त्या दानाचे नाव झाला. गण, गौळण, बतावणी यांच्यानंतर वगाच्या अलीकडे लावण्यांची जी रंगबाजी चाले, ती दौलतजाद्याची खास जागा. बैठकीतला एखादा रसिक हात वर करून नाणे किंवा नोट दाखवी. नाचणारी गाणे तोडून त्याच्यापर्यंत येई, पैसे घेई, मुजरा करी. मग सोंगाड्या किंवा साथीदार देणाऱ्याचे नाव, गाव आणि रक्कम मोठ्याने पुकारी, आणि लावणी जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू होई. कधी फर्माईश असे, म्हणजे त्या पैशाने विशिष्ट लावणी मागितली जाई. कधी देणारा स्वतः मागे राहून नोट शेजारच्याच्या हाती किंवा टोपीवर ठेवायला लावी आणि नाचणारीला तिकडे धाडी. त्यात थट्टा असे आणि कुरघोडीही असे. एकाने एक रुपया दिला की दुसऱ्याने दोन काढायचे, या चढाओढीवर बैठक तापत असे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, असे आम्हांला वाटते. आपण अभ्यासतो ती लावणी छापील संग्रहातली. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या नाममुद्रेपर्यंत सलग वाचता येते. प्रयोगातली लावणी मात्र अशी सलग क्वचितच असे. ती तुटत, थांबत आणि पुन्हा पालुपदाला येऊन मिळत जाई. पालुपदाची पुनरावृत्ती ही केवळ संगीताची गरज नव्हती, तर व्यत्ययानंतर परत यायची ती एक पक्की जागाही होती, असे आमचे वाचन आहे. समोरच्या पुरुषाला संबोधून केलेली आर्जवे, रुसवे आणि आव्हाने त्या क्षणी हात वर केलेल्या माणसाकडे वळवता येत. म्हणजे दौलतजादा हा प्रयोगाच्या बाहेरचा व्यवहार नव्हता, तो प्रयोगाच्या संहितेचाच भाग होता. छापताना आपण तो गाळला, आणि त्याबरोबर पैसे देणारा पुरुष व ते घेणारी स्त्री यांच्यातले नातेही लावणीच्या समीक्षेतून गळून पडले.

हे नाते समान पातळीवरचे नव्हते. तमाशाचे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतले असत. पुकारा होई तो गावातल्या प्रतिष्ठिताच्या नावाचा. नाचणारीचे कसब त्या नावाला उठाव देण्यासाठी वापरले जाई. तिच्या हातात आलेले पैसेही तिचे एकटीचे नसत. ते फडाच्या किंवा पार्टीच्या मालकाकडे जात, वाटे पडत, आणि उरलेले घरच्यांच्या हाती पडत. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात स्त्रियांच्या कमाईवर बसून खाणारे घरचे पुरुष दिसतात. ते पुस्तक वाचल्यावर दौलतजाद्याकडे केवळ रसिकतेचा विलास म्हणून पाहता येत नाही. देणाऱ्याचे नाव पुकारले जाई, तेव्हा घेणारीचे नाव बहुधा कुणालाच उच्चारावेसे वाटत नसे.

नागर रंगभूमीने या व्यवहारापासून वेगळी वाट काढली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते संस्थानिकाच्या आश्रयाने. दहा वर्षांनी, १८५३ साली, त्यांच्या मंडळीने मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. तिकिटामुळे प्रेक्षकाचा पैसा दारातच घेतला गेला. आत बसलेल्या माणसाला आता नाव पुकारून घेण्याची सोय राहिली नाही. त्याच्या हाती टाळी आणि पुढे 'वन्स मोअर' एवढेच उरले. 'वन्स मोअर' ही एका अर्थाने पैशाविना केलेली फर्माईशच आहे. नटाची प्रतिष्ठा वाढण्याचे एक कारण असे की, त्याला प्रेक्षकाच्या हातून काही घ्यावे लागत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, कलावंतांनी दाद मागितल्यावर ती उठली, आणि मग तमाशा 'सुधारण्या'चे पर्व सुरू झाले. वगांच्या संहिता तपासल्या जाऊ लागल्या, अश्लीलतेवर बोट ठेवले गेले, आणि दौलतजादा हा सुधारकांच्या आक्षेपाचा ठळक विषय झाला. शैलजा पैक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास मांडताना, 'अश्लील' या शब्दाचा जातीशी असलेला संबंध तपशिलाने उलगडला आहे. आमच्यापुरता मुद्दा एवढाच, की सुधारणेने देण्याची रीत असभ्य ठरवली. त्या रीतीवर ज्यांचे पोट होते त्यांना दुसरे काय द्यायचे, हा प्रश्न मात्र तिच्या कक्षेत फारसा आला नाही.

त्याचे उत्तर धंद्यानेच आपापल्या परीने शोधले. ढोलकीफडाचा तमाशा तंबूत गेला, तिकिटावर आणि सुपारीवर चालू लागला. नारायणगावला हंगामाच्या तोंडावर फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी ठरवायला येतात, आणि कलावंत हंगामाच्या पगारावर आगाऊ उचल घेऊन बांधले जातात. उचलीचे स्वतःचे जाच आहेत. परंतु तेथे रोजचे पोट हात वर करणाऱ्या एका माणसावर अवलंबून राहत नाही. संगीतबारीचे तसे झाले नाही. पुण्याचे आर्यभूषण, चौफुला, मोडनिंब अशा ठिकाणच्या थिएटरांत पार्ट्या आपापल्या बारीला बसत आल्या, आणि तेथे श्रोत्याच्या हातचा पैसा हाच मुख्य आधार राहिला. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी' या पुस्तकामुळे या जगातल्या स्त्रियांचे बोलणे, त्यांचे हिशेब आणि त्यांचा कलेचा अभिमान मराठी वाचकांपर्यंत पोचला. ज्या रसिकाला लावणी कळते, त्याच्या हातचा दौलतजादा घेण्यात कमीपणा मानायचा का, हा प्रश्न त्या जगात आपल्याला वाटतो तितका सोपा नाही.

मुंबईच्या डान्सबारमध्ये हीच रीत नव्या वेषात आली. हिंदी चित्रपटगीतांच्या तालावर नाचणाऱ्या बायका, टेबलाशी बसलेले गिऱ्हाईक, मोठी नोट मोडून दहाच्या नोटांची चळत आणून देणारा वेटर, डोक्यावरून होणारी उधळण, क्वचित नोटांचा हार, आणि जमिनीवरच्या नोटा वेचून कोणत्या नाचणारीच्या नावे किती जमा झाले ते सांभाळणारा माणूस. पहाटे मोजदाद होई आणि मालक व नाचणारी यांत वाटे पडत. पगार नसे किंवा नावापुरता असे. उत्पन्न म्हणजे ही उधळणच. जुन्या पद्धतीशी तुलना केली तर दोन बदल दिसतात. पुकारा गेला, कारण शहरात गिऱ्हाइकाला नाव लपवायचे होते. त्याची जागा उधळणीच्या देखाव्याने घेतली. आणि हातातून हातात जाणारे नाणे आता हवेतून जमिनीवर पडू लागले.

२००५ साली महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबई पोलीस अधिनियमात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घालून बारमधील नृत्य बंद केले. तीन आणि त्याहून अधिक तारांकित हॉटेले व जिमखाने यांना सूट होती. त्याच वर्षी एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने स्त्री संघटनेच्या साथीने पाचशे बारनर्तिकांची पाहणी केली. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांवर त्यांची घरे उभी होती. १२ एप्रिल २००६ रोजी उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तेच नृत्य उंची हॉटेलात सभ्य आणि साध्या बारमध्ये नीतिभ्रष्ट कसे, हा या निकालाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. तमाशाच्या सुधारणापर्वात तो असा रोखठोक विचारला गेला असता, तर कदाचित बरेच काही निराळे घडले असते.

त्यानंतर २०१६ साली स्वतंत्र कायदा आला. त्याच्या नावात 'अश्लील नृत्य' आणि 'महिलांची प्रतिष्ठा' हे दोन्ही शब्द शेजारी आहेत. नोटा उधळू नयेत, नर्तिकेच्या हाती पैसे देऊ नयेत, टिप बिलातच मिळवावी, असे नियम आले; शिवाय नर्तिकेशी लेखी करार असावा, तिला महिन्याचा पगार असावा आणि तो बँकेत जमा व्हावा, असेही ठरले. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यातले काही राखले, काही रद्द केले. उधळणीवरील बंदी राहिली. टिप देण्यास मात्र मुभा मिळाली आणि ती बिलातूनच जावी ही अट गेली. लेखी करार व बँकेतला भरणा राहिला. महिन्याच्या पगाराचे बंधन व्यवसाय-स्वातंत्र्याच्या कारणाने रद्द झाले.

द्यावे, पण उधळू नये, हा भेद आम्हांला मान्य आहे. फेकलेल्या पैशात घेणारीला खाली वाकायला लावणे असते, आणि ते बंद होणे योग्यच. परंतु या साऱ्या प्रवासात कायद्याला हाताची ढब बदलता आली, आणि त्या हातावरचे अवलंबन तसेच राहिले. पगाराचे बंधन रद्द होण्यामागे नाचणाऱ्या स्त्रियांचे स्वातंत्र्य हे कारण दिले गेले, आणि ते खोटेही नाही. ज्या स्त्रीला गर्दीच्या रात्री पगाराहून कितीतरी जास्त मिळते तिला पगार नकोही असेल. मात्र गिऱ्हाईक न आलेल्या रात्रीचे काय, आजारपणाचे काय, वय वाढल्यावर काय, या प्रश्नांना टिप उत्तर देत नाही. दौलतजाद्यानेही ते कधी दिले नव्हते.

म्हणून शृंगारिक लावणी वर्गात शिकवताना एक जोड द्यावी, असे आम्ही सुचवतो. कवितेच्या ओळींबरोबरच, त्या ओळी कुठे तुटत, कुणाचे नाव मध्ये पुकारले जाई आणि पैसे शेवटी कुणाच्या हाती पोचत, हेही विद्यार्थ्यांना विचारायला लावावे. 'तुमची दौलत ज्यादा होवो' असे पिढ्यान्‌पिढ्या म्हणणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या दौलतीचा हिशेब अजून मराठी समीक्षेने मांडलेला नाही. तो मांडायला घेणे हे आता आपलेच काम आहे.