शेळीचं मांस, प्लेगची लस आणि सावित्रीबाई

धर्म आडवा आला आणि पेशंटनं उपचार नाकारले, की "लोक अडाणी" म्हणून आपण मोकळे होतो. १८९६-९७ चा प्लेग वाचला तर एवढं सोपं राहत नाही.

ऑक्टोबर १८९६. मुंबईत आर्थर रोडच्या रुग्णालयावर (आजचं कस्तुरबा) हजारभर गिरणी कामगार चाल करून गेले. तिथं नेऊन माणसं मारतात, अशी अफवा. राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं म्हणून ती काळजं मागतेय, हेही तेव्हाच पसरलेलं! आज हसू येतं. पण घरातली बाई परक्या पुरुषांनी उचलून न्यायची, तिथं पाणी कुणाच्या हातचं, मेली तर क्रियाकर्म कोण करणार, काहीच ठाऊक नाही. त्या काळच्या माणसाला हे मरणाहून मोठं होतं.

पुण्यात रँडनं यावर गोरे सोजीर आणले. घरात घुसून झडती, काखेत-जांघेत गाठ शोधायची. लोक आजारी माणूस लपवू लागले. २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, ते सगळ्यांना माहीत आहे.

हाफकिनचं कमी जणांना माहीत असतं. परळची संस्था ज्यांच्या नावाची, तेच. लस बनवताना जंतू वाढवायला मांसाचा रस लागायचा. गायीचा किंवा डुकराचा म्हटलं की दंड कोण पुढं करणार? त्यांनी शेळीचं मांस घेतलं. १० जानेवारी १८९७ ला लस आधी स्वतःलाच टोचली. पुढं आगाखानांनी अनुयायांसमोर टोचून घेतली. (शुद्ध शाकाहाऱ्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच म्हणा.)

मुंबईत जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालयं काढली, पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल. लोकांचा धाक कमी करायला हे बरंच झालं. पण ज्याच्या जातीला रुग्णालय काढणं परवडत नाही, किंवा ज्याला शिवायलाच कुणी तयार नाही, त्यानं कुठं जायचं? मला हे खटकतं.

तेव्हा हडपसरजवळ डॉ. यशवंतरावांचा दवाखाना चालू होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. त्यांनाच लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सोजिरांच्या झडत्या सुरू झाल्या त्या १३ मार्चला.

तुमच्या घरात आजी-पणजीनं सांगितलेल्या प्लेगच्या गोष्टी असतील तर कमेंटमध्ये जरूर लिहा.