आग्रा पाहिलं, लोहगड राहिला

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी दिल्लीहून गाडी आणि गाईड ठरवून एका दिवसात आग्रा पाहिलं. सकाळी ताजमहाल, दुपारी किल्ला. कैदेतला शहाजहान जिथून ताजकडे बघत बसायचा तो बुरूज गाईडने अगदी रंगवून सांगितला. मी विचारलं, "आमचे महाराज कुठे उभे होते?" त्याने दिवाण-ए-खासकडे बोट दाखवलं.

शहाजहान जानेवारी १६६६ मध्ये वारला. त्याच वर्षी १२ मे रोजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले आणि ऑगस्टमध्ये कैदेतून निसटले. आदल्या वर्षी पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले होते, त्यात आपला लोहगडही होता. १६७० मध्ये तो परत घेतला.

हे सौ.ला सांगत होतो, तर ती म्हणाली, "आणि आपण लोहगड कधी पाहिला हो?" मी गप्प.

पंचवीस वर्षं गच्चीवरून गड दिसतोय. पण ऑडिट, बदल्या, यातच दिवस गेले आणि आता गुडघे ऐकत नाहीत. ताज १९८३ पासून जागतिक वारसा आहे, लोहगड २०२५ पासून. मंडळी, मुलांना आग्रा जरूर दाखवा, पण आधी लोहगडावर न्या. आणि महादरवाजातला एक फोटो आम्हा दोघांना आणून दाखवा.