आग्वाद : पाण्याचा किल्ला, बंदीशाळा आणि संग्रहालय

मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी इ. स. १६१२ मध्ये उभारलेल्या आग्वाद किल्ल्याच्या नावातच पाणी आहे. दूरदेशीची जहाजे येथील गोड्या पाण्याच्या टाक्यातून पिंपे भरून घेत. आम्हा व्यापाऱ्यांना एवढेही माहात्म्य पुरेसे वाटावे! परंतु पुढे याच किल्ल्याच्या पायथ्याशी, समुद्रालगत, तुरुंग झाला. १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया येथे बंदिवान होते. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना येथील कोठडीत डांबण्यात आले. सैनिकी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिश या सागरी किल्ल्यात धाडले.

आश्चर्य असे, की १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरही आग्वादचे कारागृह चालूच राहिले. २०१५ मध्ये कैदी कोलवाळला हलविले गेले, तेव्हा रिकाम्या बराकींचे करावे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याच किल्ल्यावर पंचतारांकित हॉटेल आधीच उभे असल्याने जागेचा मोह कोणासही झाला असता. तसे घडले नाही. १९ डिसेंबर २०२१ रोजी, मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, तेथे संग्रहालयाचे उद्घाटन झाले. लोहिया आणि कुन्हा यांच्या स्मृतीस तेथे स्वतंत्र कोठड्या वाहिलेल्या आहेत.

पेनिशचा किल्लाही एप्रिल २०२४ मध्ये प्रतिकार व स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय म्हणून खुला झाला.