बारूदभार तपासणी (हँडगन काडतुसांचे पुनर्भरण)

वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर, बारूद आणि गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करताना, पुंगळीत ठरलेले बारूद पडले आहे ना, याची खातरजमा करण्याची क्रिया. अमेरिकेतील नेमबाजांमध्ये पुनर्भरणाचा छंद रुजलेला आहे.

बारूद ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४३ ग्रेन. हँडगनच्या काडतुसाला बहुधा थोडेच ग्रेन लागतात, त्यामुळे अर्ध्या ग्रेनची तफावतही किरकोळ नसते. सर्वांत घातक चुका मात्र ढोबळ असतात : एकाच पुंगळीत दोनदा बारूद पडणे किंवा मुळीच न पडणे.

.३८ स्पेशल काडतुसात पहिली चूक सहज लपते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या या काडतुसाची पुंगळी काळे बारूद मावेल एवढी मोठी आहे. झपाट्याने जळणारे निर्धूम बारूद तिचा तळचा भागच व्यापते. भार दुप्पट झाला तरी ते बाहेर सांडत नाही. असे काडतूस उडाल्यास चेंबर फुटू शकते. म्हणून अर्ध्याहून अधिक पुंगळी भरणारे फुगीर बारूद निवडणे शहाणपणाचे. त्याचा दुप्पट भार ओसंडून स्वतःच चूक दाखवतो.

बारूदच नसेल, तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही. त्यामागून दुसरी गोळी झाडल्यास नळी फुगते किंवा फाटते. बार असा फुसका वाटताच नेमबाजी थांबवावी, हत्यार रिकामे करावे आणि नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत पुढची गोळी झाडू नये.

भाराचा आकडा बारूद-उत्पादकाच्या चालू तक्त्यातूनच, तोही सुरुवातीच्या खालच्या मर्यादेचा घ्यावा. वजनकाटा सपाट जागी, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवून शून्यावर आणावा आणि ज्ञात वजनाने पडताळावा. इलेक्ट्रॉनिक काट्याचे शून्य काम चालू असतानाही सरकते, म्हणून पडताळणी मधूनमधून पुन्हा करावी. मापकातून पडलेले दहा भार एकत्र तोलून सरासरी मिळते, पण कमी-जास्त भार त्या बेरजेत एकमेकांना झाकतात. काही भार सुटेही तोलावेत.

तरीही अखेरची भिस्त डोळ्यांवरच. भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून विजेरीच्या उजेडात प्रत्येकीतील बारुदाची पातळी शेजारच्या पुंगळीशी ताडून पाहावी आणि मगच गोळ्या बसवाव्यात. शंका आलेली पुंगळी ओतून पुन्हा भरावी. सलग चालणाऱ्या यंत्रावर पातळी तपासणारे उपकरण बसवता येते, मात्र ते ढोबळ चूकच पकडते. तयार काडतूस तोलून भार ओळखण्याचा मार्ग भरवशाचा नाही : पुंगळी आणि गोळी यांच्या वजनांतील फरकच कित्येकदा बारुदाच्या भाराएवढा असतो. टेबलावर एका वेळी एकच बारूद ठेवावे. काम मध्येच सोडावे लागले, तर अर्धवट पुंगळ्या रिकाम्या करून नव्याने सुरुवात करावी.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे बेकायदा आहे.