वऱ्हाडी माणूस आणि समुद्र

गेल्या मार्गशीर्षांत चार दिवसांची रजा काढून मी एकटाच मालवणजवळच्या तारकर्लीस समुद्रकांठीं राहावयास निघालों. बडनेरा स्टेशनावर ओळखीच्या एका गृहस्थांनीं माझी एकुलती पिशवी पाहिली, आजूबाजूस कोणी दिसतें का तें पाहिलें, आणि काळजीच्या सुरांत विचारलें, "एकलेच चालले का जी सर? घरी सारं बरं हाये नं?" या प्रश्नांत राग येण्यासारखें कांहींच नव्हतें. उलट गाडी सुटल्यावर मला वाटूं लागलें कीं, वऱ्हाडाचा समुद्राशीं असलेला सारा जुना संबंध या प्रश्नांत सांठवलेला आहे. आमच्याकडील माणूस समुद्रावर गेला तो बहुधा कोणाबरोबर तरी आणि कशासाठीं तरी. एकट्यानें व उगाच जाणें ही गोष्ट फार अलीकडची; आणि ती कशी शक्य झाली हें पाहणें बोधप्रद आहे.

वस्तुतः समुद्र आम्हांस अगदींच परका नाहीं. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यांतील कित्येक विहिरींचें पाणी तोंडांत धरवत नाहीं इतकें खारट असतें. पूर्णा चांगदेवापाशीं तापीस मिळून अरबी समुद्राकडे जाते, तर आमच्या पूर्व सीमेवरील वर्धा ही प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास पोंचते. वऱ्हाडचें पाणी असें दोन समुद्रांस जातें. माणूस मात्र एकासहि सहज गेला नाहीं. जुन्या काळीं जे गेले ते मुख्यतः यात्रेकरू. चार धामांपैकीं द्वारका, रामेश्वर व जगन्नाथपुरी हीं तीन समुद्रकांठचीं. तेथें जावयाचें तें मेळ्यानें, शिधा बांधून. समुद्रांत बुडी मारावयाची ती संकल्प सोडून. लाटा पाहत स्वस्थ बसणें हा त्या कार्यक्रमांतला विधि नव्हे.

माणसाआधीं आमचा कापूसच समुद्राशीं अधिक परिचित झाला. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि लँकॅशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला. त्याच सुमारास मुंबईहून निघालेले ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ अकोला-बडनेऱ्यावरून पुढें सरकत होते. ते १८६७ सालीं नागपुरास पोंचले. कापसाच्या गांठी मुंबई बंदराकडे धांवूं लागल्या. माणूसहि त्याच गाडींत बसला, पण तो सौद्यासाठीं, शिक्षणासाठीं, कामासाठीं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ सालीं समुद्र ओलांडून विलायतेस गेले, तेहि लोकमान्यांच्या शिक्षेविरुद्ध प्रीव्ही कौन्सिलाकडे दाद मागावयास. आणि परतले ते १९१० सालीं.

विश्रांति हें स्वतःच एक पुरेसें कारण होऊं शकतें, ही कल्पना आमच्याकडे ज्या वाटेनें आली ती वाट कापसाचीच होय. मुंबईच्या गिरण्यांत सूत कांतणाऱ्या मजुरांस आठवड्याची ठरलेली सुटी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कित्येक वर्षें चळवळ केली, तेव्हां १० जून १८९० रोजीं मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुढें १९४८ च्या कारखाना कायद्यानें वर्षभर नियमित काम करणाऱ्या प्रौढ कामगारास कामाच्या दर वीस दिवसांमागें एक दिवस भरपगारी रजा दिली. ज्या रजेच्या अर्जावर आपण आज निष्काळजीपणें सही ठोकतों, तिच्यामागें असा झगडा आहे. युरोपांतहि समुद्रकांठ प्रथम औषध म्हणूनच पुढें आला. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनीं समुद्रस्नान हा रोगांवर उपाय म्हणून सांगितला व ब्रायटन गांवास महत्त्व आलें. १८४१ सालीं तेथें रेल्वे गेली आणि औषधाची हळूहळू मौज झाली. आपल्याकडे गोवा १९६१ सालीं मुक्त झाला, १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण मार्गावर धांवूं लागली. तेव्हां कोठें वऱ्हाडांतील शिक्षकाच्या व कारकुनाच्या रजेंत समुद्र मावूं लागला.

राहिला प्रश्न एकटेपणाचा. आमच्या घरांतून एकटेपण म्हणजे आजार, भांडण किंवा वैराग्य अशी समजूत आहे. माझ्याऐवजीं माझी पत्नी ती पिशवी घेऊन उभी असती, तर त्या गृहस्थांचे प्रश्न एकावर थांबले नसते. पण मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून मान्यता पावलेल्या लीळाचरित्राच्या पहिल्या भागाचें नांवच 'एकांक' आहे; श्रीचक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीच्या काळांतील लीळा त्यांत आहेत. ते मूळचे भडोचचे, रामटेकच्या यात्रेस म्हणून निघाले आणि अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंपाशीं पोंचले, असें महानुभाव परंपरा सांगते. त्यांच्या विरक्तीशीं माझ्या चार दिवसांच्या आरामाची तुलना करणें हास्यास्पद ठरेल. इतकेंच म्हणावयाचें कीं, एकट्यानें निघणें ही परक्यांकडून उसनी घेतलेली खोड नव्हे.

तारकर्लीस तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं वाळूंत बसलों असतां मला आमच्याकडची वेचणी आठवली. मार्गशीर्ष म्हणजे कापूस वेचण्याचे दिवस. वेचणाऱ्या बहुतेक बायका. मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर. ज्या दिवशीं वेचलें नाहीं त्या दिवशीं मजुरी नाहीं. शेतकऱ्याची स्थिति याहून फार निराळी नाहीं. या शतकाच्या आरंभापासून अमरावती-अकोल्याचीं नांवें त्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून पुनःपुन्हा छापून आलेलीं वाचकांस ठाऊक आहेत. कापूस कांतणाऱ्यास १८९० सालीं सुटी मिळाली. कापूस पिकवणाऱ्यास व वेचणारीस ती अद्याप मिळावयाची आहे. म्हणून मीं समुद्रावर जाणें सोडणार नाहीं, आणि जाण्याची लाजहि बाळगणार नाहीं; कारण एकानें आराम टाकल्यानें तो दुसऱ्यास मिळतो असें इतिहासांत दिसत नाहीं. तो मागून, भांडून मिळतो असेंच दिसतें. आमच्या समुद्राच्या इतिहासांतील हें प्रकरण अजून लिहावयाचें राहिलें आहे, एवढें नमूद करून लेखणी ठेवितों.