भाव कुणी ठरवला? ओसाका शहरात एक दिवस

आज आपण लांबच्या गावाला जाऊ. बसल्या जागी जायचंय, त्यामुळं तिकीट लागणार नाही. गाव आहे जपानमधलं ओसाका, वस्ती २७ लाखांहून जास्त. तिथं येणारे पुष्कळ प्रवासी एक-दोन दिवसच थांबतात. किल्ला बघतात, बाजारात खातात आणि पुढची गाडी धरतात. आपल्याकडेही आज एकच दिवस आहे असं धरू. पण आपण तांदूळ आणि कापूस या दोन गोष्टींच्या मागानं फिरू. दोन्ही आपल्या ओळखीच्या आहेत.

सकाळी आधी किल्ला. तोयोतोमी हिदेयोशी या सरदारानं तो १५८३ साली बांधायला घेतला. १६१५ च्या लढाईत तो पडला. नव्या राज्यकर्त्यांनी पुन्हा बांधला, तर १६६५ मध्ये वीज पडून त्याचा मुख्य मनोरा जळाला. आज दिसतो तो मनोरा १९३१ चा, सिमेंट-काँक्रीटचा. तो लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला. म्हणजे किल्ला राजाचा, पण मनोरा गावकऱ्यांचा.

दुपारी नदीकडे जाऊ. शहराच्या मधोमध नाकानोशिमा नावाचं बेट आहे. आज तिथं मोठ्या इमारती आहेत. पूर्वी तिथं आणि आसपास सरदारांची गोदामं होती. त्या काळी जपानात शेतसारा तांदळात घेत. निरनिराळ्या भागांतला तांदूळ होड्यांतून ओसाकाला येई, म्हणून या शहराला ‘देशाचं स्वयंपाकघर’ म्हणत. गोदामातल्या तांदळाची पावती मिळे, आणि हळूहळू त्या पावत्यांचीच खरेदी-विक्री सुरू झाली. बेटाच्या उत्तरेला दोजिमा इथं व्यापारी जमत आणि पुढच्या तांदळाचा भाव आजच बोलत. आपण ज्याला वायदेबाजार म्हणतो, तोच हा. १७३० साली सरकारनं त्याला रीतसर मान्यता दिली. जगातल्या पहिल्या संघटित वायदेबाजारांत दोजिमाचं नाव घेतात.

सरकारनं परवानगी का दिली, हे लक्षात घ्यायला हवं. त्या वर्षांत तांदूळ स्वस्त झाला होता. शिपाई-सरदारांना पगार तांदळात मिळे आणि तो विकून त्यांचं घर चाले. तांदूळ स्वस्त झाला की त्यांची ओढाताण होई. म्हणून भाव चढावा, असं राज्यकर्त्यांना वाटत होतं. विकत घेऊन खाणाऱ्याला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. दोजिमाचा भाव लांबच्या गावांना कळावा म्हणून डोंगरांवर माणसं उभी राहत आणि निशाणं हलवून आकडे पुढं पाठवत. भाव डोंगर ओलांडून जाई, पण पिकवणाऱ्या बाईचं म्हणणं बाजारापर्यंत येत नसे.

याच शहरात १८३७ साली उठाव झाला. दुष्काळ होता, लोक उपाशी होते, आणि तरीही ओसाकातून तांदूळ राजधानीला चालला होता. ओशिओ हेइहाचिरो हा पूर्वीचा सरकारी अधिकारी, पुढं शिक्षक झालेला. त्यानं आपली पुस्तकं विकून गरिबांना पैसे वाटले आणि मग शिष्यांना घेऊन बंड केलं. ते एका दिवसात मोडलं. आगीत हजारो घरं जळाली, त्यात गरिबांचीही होती. पकडायला माणसं आली तेव्हा त्यानं जीव दिला.

संध्याकाळी सांगेन्या भागात जाऊ. इथं १८८३ साली ओसाका कापड-सूत कंपनीची मोठी गिरणी सुरू झाली, वाफेवर चालणारी, साडेदहा हजार चात्यांची. पुढं विजेचे दिवे आले आणि गिरणी रात्रंदिवस चालू लागली. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. कामाला बहुतेक मुली, गरीब शेतकऱ्यांच्या. दलाल गावात येई, बापाच्या हातात उचल ठेवी आणि मुलगी गिरणीच्या वसतिगृहात जाई. उचल फिटेपर्यंत परत फिरणं कठीण. उचल म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि या गिरण्यांतला कापूस कुठला? पुष्कळसा मुंबईहून आलेला. १८९३ साली जपानी कंपनीनं कोबे ते मुंबई अशी बोट सुरू केली आणि त्यात जमशेटजी टाटांनी साथ दिली. वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून परदेशी बाजारात ओळखला जाई. म्हणजे इकडं शेतात बायांनी वेचलेलं बोंड तिकडं कुणा पोरीच्या हातून सूत होत होतं. दोघींना एकमेकींचं नावही माहीत नव्हतं, आणि भाव दोघींनीही ठरवला नव्हता. बायांना रात्रपाळीला लावण्यावर जपानात बंदी आली ती १९२९ साली.

आता शेवटची गोष्ट. ती ओसाकात सुरू झाली नाही, पण इथं पोचली. १९१८ च्या उन्हाळ्यात तांदळाचा भाव आभाळाला भिडला. युद्धाची महागाई होती, आणि व्यापाऱ्यांनी माल दाबून ठेवला होता. जुलैमध्ये तोयामा भागातल्या उओझू गावी कोळ्यांच्या बायका किनाऱ्यावर जमल्या. डोळ्यांसमोर तांदूळ बोटीत चढत होता, आणि घरात चूल थंड होती. त्यांनी तो चढवू नका म्हणून अडवणूक केली. ही बातमी गावोगाव गेली. ऑगस्टमध्ये ओसाका, कोबे, क्योतो, नागोया या शहरांत लोक रस्त्यावर आले, तांदळाची दुकानं फुटली, सरकारनं सैन्य आणलं. सप्टेंबरमध्ये पंतप्रधान तेराउची यांचं सरकार गेलं. त्या कोळिणींना तेव्हा मताचा हक्कही नव्हता. जपानी बायांनी पहिल्यांदा मत टाकलं ते १९४६ मध्ये.

दंगल करा, असं आम्ही सांगत नाही. दंगलीत गरिबाचंच घर आधी जळतं, हे १८३७ नं दाखवलं. पण उओझूच्या बायांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. माल कुठं चाललाय हे त्यांनी स्वतः पाहिलं, आणि एकटीनं न जाता मिळून गेल्या.

तर पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढं सांगावं: मागच्या हंगामात आपण काय विकलं, भाव कुणी सांगितला, आणि तो आपल्याला मालाची गाडी भरण्याआधी कळला की नंतर? उत्तरं गटाच्या वहीत लिहून काढा. दहा घरांची उत्तरं एका पानावर आली, की पुढच्या वेळी व्यापाऱ्याशी बोलायला कुणी जायचं आणि काय विचारायचं, ते आपल्याला ठरवता येईल.